शेवटच्या खुर्चीवरचे भैयाजी

पिंगळे भैयाजी कुठल्याही सभागृहात शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधत. दार सापडलं की त्याची कडी स्वतः काढून-लावून बघत. मग जनरेटरवाल्याला गाठत.

"भैया, एक बार चला के दिखाइए।"

"दादा, अभी तो लाइट है।"

"इसीलिए तो कह रहे हैं।"

जनरेटर धडधडला की मगच ते व्हायोलिनची पेटी उघडत.

जन्मभर त्यांनी शाळेत संगीत शिकवलं. निवृत्तीनंतर झाशीतल्या मुलांचा एक वाद्यवृंद बांधला. पाच-सहा व्हायोलिनं, दोन बासऱ्या, सतार, तबला आणि एक चेलो, जो वाजवणाऱ्या मुलीपेक्षा उंच होता. आमच्या संगीत सभेचा उन्हाळी महोत्सव दरवर्षी याच वाद्यवृंदाने सुरू होतो आणि त्यात दोघा-तिघा मुलांना एकल वादनाची संधी मिळते. मी सभेची सचिव. खुर्च्या, पाणी, कूलर, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं माझ्याकडे. माझ्या याद्यांना इतर मंडळी हसत. भैयाजी मात्र त्या याद्यांत भर घालत. एकदा 'हार' या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं, 'पाल (रंगमंचावर आल्यास कोण हाकलणार?)'

"मी डरपोक माणूस आहे, मीनाताई," ते सरळ सांगत. "लिफ्टला भितो, धुळीच्या आंधीला भितो, समोर बसलेल्या लोकांना तर फारच. पण डरपोक माणसाची तयारी कच्ची नसते."

मला तेव्हा हे गमतीचं वाटायचं. भीती म्हणजे काय ते मला माझ्या मुलीमुळे कळलं.

जुई तेव्हा बारा वर्षांची होती. त्या वर्षीच्या महोत्सवाच्या उद्घाटनाला तिचं पहिलं एकल वादन होतं. बाहेर लू, ती उन्हाळ्यातली भाजणारी हवा, वाहत होती, आत कूलर घुरघुरत होते. कोरड्या आणि ओल्या हवेच्या त्या ओढाताणीत व्हायोलिनच्या खुंट्या सारख्या सरकतात, म्हणून जुईने तार पुन्हा पुन्हा पिळली होती. वादन रंगात आलं आणि तार तुटली. तिचं टोक जुईच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, सपकन लागलं. ती तिथेच उभी राहिली. वाद्यवृंद एकेक करून थांबला. कोणी हललं नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मागे कुणीतरी हसलं, आणि माझी मुलगी तुटकं व्हायोलिन छातीशी धरून आत गेली.

गालावरची रेघ पंधरवड्यात पुसली गेली. पण त्यानंतर सूर लावताना जुई डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि मान पार मागे न्यायची. घरातही. माझ्यासमोरही.

भैयाजी दुसऱ्याच दिवशी घरी आले होते. चहा घेतला नाही. म्हणाले, "तार तुटली ते नशीब. कोणी हललं नाही, तो दोष माझा. मी पालीचा विचार केला आणि याचा नाही केला."

पुढच्या तालमीपासून त्यांनी एक नवा पाठ सुरू केला. मोठ्या वाद्यवृंदांत अशी रीत असते म्हणे. एकल वाजवणाऱ्याची तार तुटली, तर पहिल्या खुर्चीवरच्याने आपलं व्हायोलिन त्याला द्यायचं, दुसऱ्या खुर्चीवरच्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला. तुटकं व्हायोलिन हातोहात मागे जाऊन शेवटच्या खुर्चीवर पोचतं. तिथे बसलेल्याने ते हनुवटीखाली धरायचं आणि गज तारेला न लावता नुसता फिरवत राहायचं, म्हणजे समोरच्यांना काही कळत नाही.

माणिक चौकाजवळच्या शाळेत सकाळी ऊन चढायच्या आत तालीम होई. वाजवता वाजवता भैयाजी मध्येच ओरडत, "टूटी!" आणि मुलं खिदळत व्हायोलिनं फिरवत. पहिल्या खुर्चीवर अन्वी होती, सगळ्यांत तयार. शेवटच्या खुर्चीवर बसायला मात्र कोणी राजी नसे. मुलं तिला 'सजा वाली कुर्सी' म्हणत.

"इतनी मेहनत करके हवा में गज चलाएँ? हम नहीं बैठेंगे, सर!"

"मत बैठो। वह मेरी है," भैयाजी म्हणाले. तेव्हा मला तो विनोद वाटला, कारण ते तर समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणार होते.

थंडीत त्यांना हृदयाचा त्रास झाला. तासभर हात वर करून उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी वाद्यवृंद चालवायची छडी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, रोहनला, दिली आणि खरंच शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. मग मला सांगितलं, "उद्घाटनाला जुई वाजवेल."

"नाही भैयाजी. ती अजून सूर लावताना डोळे मिटते."

"मीही मिटतो."

"पुन्हा तसं झालं तर ती व्हायोलिनला हात लावणार नाही. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण या वर्षी नाही वाजवलं, तर पुढच्या वर्षी व्हायोलिन माळ्यावर जाईल. ते जास्त भयंकर. तिला विचारा. आणि 'घाबरू नकोस' एवढं मात्र म्हणू नका. ते ऐकलं की पोरांना वाटतं, नक्कीच काहीतरी आहे."

मी विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. "सर पीछे बैठेंगे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "तो ठीक है।"

उद्घाटनाच्या संध्याकाळी माझ्या यादीतलं सगळं झालं होतं, तरी मी ती पुन्हा वाचत होते. भैयाजींनी दाराची कडी बघितली, जनरेटर चालवून घेतला. सूर हलू नयेत म्हणून कार्यक्रमाआधी कूलर बंद करवले. "अरे भाई, मार डालोगे क्या!" प्रेक्षकांतून आवाज आला. मी बाजूच्या पडद्याआड उभी होते. तिथून जुईचा गाल दिसत होता आणि शेवटच्या खुर्चीवर भैयाजी. दोघांचीही भीती मला वाटत होती. एकीच्या तारेची, दुसऱ्याच्या छातीची.

भैयाजींनीच बांधलेली यमनमधली रचना होती. जुई सुरुवातीला पुटपुटल्यासारखी वाजवत होती. हळूहळू तिची मान सरळ झाली. मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी तो आवाज आला. सपकन.

जुईने डोळे मिटले. उघडले. गाल वाचला होता. तिने पाठात शिकवल्याप्रमाणे अन्वीकडे हात पसरला.

अन्वी हलली नाही. इतक्या तालमी झालेली ती पोर आपलं व्हायोलिन गच्च धरून जुईच्या गालाकडे बघत राहिली. बाकीच्यांचे गज थांबले. रोहनने प्रसंग ओळखून बासऱ्यांना आणि सतारीला खूण केली आणि मुखडा फिरवत ठेवला. एकदा. दोनदा. जुईचा हात तसाच पसरलेला. मला मागच्या वर्षीचं ते हसू आधीच ऐकू येऊ लागलं. माझे पाय पुढे निघत होते आणि निघत नव्हते.

तेव्हा शेवटच्या खुर्चीवरचे भैयाजी अर्धवट उठले आणि आपलं व्हायोलिन त्यांनी पुढच्या मुलाच्या खांद्याला टेकवलं.

त्या मुलाने मागे पाहिलंसुद्धा नाही. खांद्याला व्हायोलिन लागलं की काय करायचं, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. त्याने ते घेतलं आणि आपलं पुढे दिलं. पुढच्याने त्याच्या पुढे. साखळी पुढून सुरू व्हायची ती मागून सुरू झाली. अन्वीच्या खांद्याला व्हायोलिन लागलं तशी ती दचकली, जागी झाली, आणि तिने आपलं व्हायोलिन जुईच्या हातात दिलं. रोहनचा मुखडा पुन्हा समेवर आला आणि जुईने तिथून उचललं.

लोकांना काय घडलं ते नीट कळलंही नसेल. मी मात्र तुटकं व्हायोलिन हातोहात मागे जाताना बघत होते. ते भैयाजींपर्यंत पोचलं. त्यांनी ते हनुवटीखाली धरलं, लोंबणारी तार बोटाने बाजूला केली, आणि रचना संपेपर्यंत गज हवेत फिरवत राहिले. एकही जागा न चुकवता.

नंतर आतल्या खोलीत त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. अन्वी कोपऱ्यात रडत होती. तिला त्यांनी जवळ बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं.

"सर, आपको डर लगा था?" जुईने विचारलं.

"बहुत। अब भी लग रहा है।" मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "म्हणून तर दिलं. आणखी जरा वेळ हातात धरून बसलो असतो, तर माझाही हात अन्वीसारखा झाला असता."

श्रावणात ते गेले. झोपेतच. दाराची कडी मात्र आतून काढलेली होती. आजारी पडल्यापासून ते रोज ती काढून ठेवत, म्हणजे कोणाला दार फोडायला लागू नये.

यंदाच्या महोत्सवाची बैठकव्यवस्था मी कागदावर मांडत होते. एकल वादनाला अन्वीचं नाव होतं. पहिल्या खुर्चीपुढे मी जुईचं नाव लिहिलं. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि शेवटच्या खुर्चीपुढे लिहिलं. मी काहीतरी बोलणार होते. 'घाबरू नकोस' असंच काहीतरी, बहुधा स्वतःला. त्याऐवजी पहिल्या खुर्चीसाठी दुसरं नाव शोधू लागले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृहात आल्यावर ती थेट दाराकडे गेली. कडी काढली, लावली. मग जनरेटरवाल्याजवळ जाऊन उभी राहिली.

"भैया, एक बार चला के दिखाइए।"

"अभी तो लाइट है, बिटिया।"

"इसीलिए तो कह रहे हैं।"

जनरेटर धडधडला. जुई शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली, तिने पेटी उघडली आणि डोळे मिटून सूर लावायला घेतला.