तीन नंबरचे दरवाजे

हेमाली राऊत चहासुद्धा उभ्यानेच पिते. आगाशीच्या घरात दाराच्या चौकटीला टेकायचं, कप अर्धा करायचा आणि खांद्याला पिशवी अडकवायची. वय एकोणतीस. ज्या क्लासमध्ये ती हिशेब आणि फोन सांभाळायची तो गेल्या वर्षी बंद पडला. त्यानंतर माणिकपूरच्या एका लहान संस्थेत तिला सर्वेक्षणाचं शिक्षण मिळालं. शिकणारे सहा होते, कायम होणार होते दोघं. निवड शनिवारी, जमा केलेल्या फॉर्मवरून.

शिकवणाऱ्या शर्ली मॅडम कमी बोलत. सगळ्यांना विचारता येत नाही, म्हणून थोड्यांना विचारायचं. पण ते थोडे आपण निवडायचे नाहीत, चिठ्ठीने निवडायचे. जो दरवाजा उघडा तो आपला, असं केलं तर दिवसभर घरी असणाऱ्यांचंच मत हाती लागतं. दार बंद असेल तर तीनदा जायचं. शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरायचा नाही.

हेमालीला चंदनसारमधलं एक संकुल मिळालं. अगदी एकसारख्या बारा इमारती, प्रत्येकीत सात मजले, मजल्यावर चार घरं. एकूण तीनशे छत्तीस. मॅडमनी आठाचं अंतर ठरवून दिलं. चिठ्ठीत तीन आला. म्हणजे यादीतलं तिसरं घर, मग अकरावं, मग एकोणिसावं. एकूण बेचाळीस घरं. मुख्य प्रश्न पाण्याचा होता: सकाळी नळाला पुरेसं पाणी येतं का? उत्तरांवरून रहिवासी टँकरचं ठरवणार होते.

गुरुवारपर्यंत एकेचाळीस फॉर्म झाले. अडतीस घरांनी पाणी येतं असं सांगितलं. उरलं तिसऱ्या इमारतीतलं ३०३. तिथे ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा समोरच्या ३०४ मधून संपदा नावाची बाई बाहेर आली. हातात रिकामी बादली होती.

"ते कामावर गेलेत. मी घरात आहे ना, मला विचारा."

हेमालीने नियम सांगितला.

"नियम," संपदा म्हणाली. "खालीही तुम्ही १०३ मध्येच गेला होतात. ताई, पाणी तीन नंबरवाल्यांनाच लागतं का? गच्चीवरच्या टाकीतून पहिला पाईप त्यांचा निघतो. चारचा शेवटचा. आमच्याकडे सकाळी नळ नुसता खाकरतो."

हेमालीने जिन्यातच यादी उघडली. १०३, ३०३, ५०३, ७०३. दुसऱ्या इमारतीत २०३, ४०३, ६०३. मजल्यावर घरं चार आणि अंतर आठ, म्हणजे बरोबर दोन मजले. बारा इमारतींत तिचं बोट एकदाही तीन नंबरवरून हललं नव्हतं. चिठ्ठी खरी होती, मोजणी खरी होती, एकही दार तिने टाळलं नव्हतं.

संध्याकाळी घरी तिने यादी चारदा मोजली, अंगणात गेली, परत आत आली. वडील पांडुरंग बागेतल्या केळीच्या खोडाची सोपटं सोलून वेगळी करत होते. काय झालं ते त्यांनी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं.

"व्यापारी आला की मी त्याला विहिरीकडचे घड दाखवतो," ते म्हणाले. "तिथे पाणी आधी पोचतं. तो बागेचा भाव त्यावरून ठरवतो. तू त्या व्यापाऱ्यासारखी फसलीस."

"मग सांगू?"

"मी व्यापाऱ्याला कधी सांगितलं नाही," असं म्हणून त्यांनी पुढचं सोपट उचललं.

आठाचं अंतर मॅडमचं होतं. सांगायचं म्हणजे त्यांची चूक त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि आपले फॉर्म रद्दीत टाकायचे. शनिवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी कार्यालय उघडण्याआधी ती पायऱ्यांसमोर येरझारा घालत होती. शर्ली मॅडमनी यादीवरून पेन फिरवलं, मजल्यांचा नकाशा मागितला, बराच वेळ पाहिला.

"अंतर देण्याआधी नकाशा मी बघायला हवा होता," त्या म्हणाल्या. "नऊ घे, त्याला चारने भाग जात नाही. चिठ्ठी परत काढ."

"शनिवारचं काय?"

"शनिवार शनिवारीच आहे."

नव्या चिठ्ठीत पाच आला. सदतीस घरं, त्यात नशिबाने ३०४ होतं. संपदाने दार उघडलं आणि आधी घड्याळाकडे, मग हेमालीकडे पाहिलं. "पाईप बदलला वाटतं," ती म्हणाली. फॉर्म पूर्ण व्हायला पुढचा बुधवार उजाडला. पाणी पुरत नाही असं सांगणारी घरं सोळा निघाली. आधी ती एकेचाळिसांत तीन होती.

त्याआधी शनिवारी एकच नाव लागलं होतं, सहांपैकी मयूरचं. त्याचे फॉर्म वेळेत होते. दुसरी जागा मॅडमनी गुरुवारपर्यंत रिकामी ठेवली आणि मग तिथे हेमालीचं नाव लिहिलं.

आता ती कुठल्याही इमारतीत शिरली की यादी उघडत नाही. आधी वॉचमनला गाठते. मजल्यावर घरं किती, टाकी कुठल्या बाजूला, पहिला पाईप कोणाचा? वॉचमन खुर्ची पुढे करतो. ती बसत नाही.