पुढच्या ओळीतले दात

मी नववीत असताना आईची दाढ दुखायला लागली आणि मी बी.ए. झाले तरी ती दुखतच होती.

आमची वाडी बदलापूरजवळ, सोनिवलीच्या अलीकडची. आई भाजीची पाटी घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकला जायची. भाजी विकायची तर ओरडावं लागतं. गाल सुजला की आईचा आवाज फुटायचा नाही. मग ती पाटी पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची आणि शेजारची बाई ओरडून ओरडून आपली पाटी रिकामी करून उठायची. एक सिंधी गिऱ्हाईकबाई रोजची. ती म्हणायची, "अम्मा, मुँह में लड्डू रखा है क्या?" आई मान हलवायची. उरलेली मेथी संध्याकाळी आमच्या ताटात. आईच्या ताटात पेज.

उपाय कमी केले नाहीत. लवंग झाली, कापूर झाला. मशेरी ती लावायचीच, दुखलं की चिमूटभर जास्त. दाढेतले किडे काढणारी एक बाई आली. तिने रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून दाढेला धूर दिला आणि वाटीतल्या पाण्यात पांढरे तुकडे दाखवून म्हणाली, "हे बघ, नऊ निघाले." दुसऱ्या दिवशी गाल तसाच. बाबा म्हणाले, "दहावा ऱ्हायला वाटतं." कॅम्पात दातांचे दवाखाने होते, काचेच्या दारांचे. त्या काचेत आपलं तोंड बघून आम्ही पुढे जायचो. सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, ते फक्त उपटायला. खिडकीतला माणूस विचारायचा, "उपटायचाय? नाही? मग नंबर कशाला लावला?" आईचे पाच दात तसे गेले. त्या दाढेचं मात्र जमायचं नाही. सूज असली की डॉक्टर हात लावत नसत, आणि सूज उतरली की आई म्हणायची, "आता बरं हाय, कशाला जाव?"

आमच्या घरात, आमच्या सगळ्या वाडीत, पदवी घेतलेली पहिली मी. हे मी आजही न लाजता सांगते. अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. एकदा ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी घरी यायच्या होत्या. चांगल्या घरच्या, वडील अधिकारी वगैरे. मी आईला म्हणाले, "त्यांच्यासमोर बोलताना तोंडाला पदर लाव." आई "बरं" म्हणाली. मैत्रिणी आल्या, पोहे खाऊन गेल्या. मी ते विसरूनही गेले.

पुढच्या वर्षी सूज डोळ्याखाली चढली. अंबरनाथला एका धर्मादाय दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, दातांच्या. आईला तिकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "हा पू मानेत उतरला तर जिवावर बेतेल. नीट उपचार करायला हवेत, आणि माझ्या या खोलीत दात बघायची साधी धड खुर्ची नाही." त्या दिवसापासून मी रोज सकाळी आधी आईची मान बघायचे. ती भाकऱ्या थापत असायची आणि मी मागे उभी. "काय बघतीस गो?" "काही नाही."

त्याच डॉक्टरीणबाईंकडून कळलं की राज्यभरचे काही डॉक्टर, शिक्षक, नर्सबाया मिळून सरकारकडे एक मागणी लावून धरत होते. खेड्यापाड्यातल्या रुग्णालयांत दातांची खुर्ची हवी, कायमचा डॉक्टर हवा, आणि नुसतं उपटणं नको, दात वाचवणं हवं. गावागावांतून अर्ज हवे होते. त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला टायपिंग येतं. दुखतं म्हणून लिहू नका, ते सगळेच लिहितात. माणसांनी काय खायचं सोडलं, ते लिहा."

मी घरोघर फिरले. चणे, भाकरीचा काठ, पेरू, ऊस, सुके बोंबील. एका म्हाताऱ्याने "मटण" सांगितलं, तर आतून त्याची बायको म्हणाली, "मिळतंय कवा, ते सोडायला?" तरी मी मटण लिहिलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजं नको लिवू." मी लिहिलं नाही.

अर्ज गेला. बरेच महिने काही नाही. मग पत्र आलं. मुंबईचे साहेब राज्यातली तीन ठिकाणं स्वतः पाहणार होते आणि त्यांत आमची वाडी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या तीन ठिकाणी जे दिसेल त्यावर सगळ्यांचं ठरेल."  ऑफिसात टाइप करताना माझी अक्षरं चुकायला लागली. साहेब आलेच नाहीत तर? आले आणि माणसं शेतावर असली तर? मी वाडीत सगळ्यांना बजावलं, "मोठे साहेब येणार आहेत. कुणी कामाला जायचं नाही." एवढंच सांगितलं. ते काय बघायला येणार आहेत हे मला इतकं उघड वाटत होतं की ते सांगायचं राहिलं.

त्या दिवशी बदलापूर स्टेशनपासून मी त्यांच्या जीपमधूनच आले. दोन साहेब. एक वयस्कर, टॉर्चवाले. दुसरे तरुण, लिहिणारे. शाळेच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, दाराला आंब्याचं तोरण. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. पुढच्या ओळीत वाडीतली सगळी तरणी पोरं. त्यांच्यामागे दोन नव्या सुना. सगळ्यांचे दात मीठ आणि राखुंडीने घासघासून पांढरेशुभ्र. साहेब आले तसे सगळे एकदम हसले.

शेजारची काकी व्यवस्थेला उभी होती. मी तिला कोपऱ्यात ओढलं. "काकी, बाकीची माणसं कुठायत?"

"बाकीची कशाला? निवडून बसवलीत."

"अगं, आजारी दात बघायचेत त्यांना!"

"येडी का काय तू?" काकी उलट माझ्यावरच गरम झाली. "पोरगी दावताना खोकणारी चुलती कुनी पुढं बसवतं का? गावाची काय अब्रू हाय का नाय?"

तिकडे टॉर्च एकेका तोंडात फिरत होता. वयस्कर साहेब म्हणत होते, "छान. छान आहेत. पुढे." आणि तरुण साहेब लिहीत होते. कागदावर पेन चाललेलं मला लांबून ऐकू येत होतं. मी मध्ये पडून म्हणाले, "सर, आजारी माणसं यात नाहीत." टॉर्चवाले साहेब हसून म्हणाले, "म्हणजे तुमची परिस्थिती बरी आहे. चांगलंच की." राज्यभरच्या अर्जांवर आमच्या वाडीची राखुंडी फिरणार होती.

"आई कुठाय?" मी काकीला विचारलं.

"गोठ्यात."

मी धावले. गोठ्यात आठनऊ माणसं बसली होती. कुणाचा गाल बांधलेला, कुणी नुसतीच गप्प. त्यांना चहासुद्धा नेऊन दिला होता. आई म्हशीपाशी, पाठ करून.

"आई, ऊठ. साहेब चालले."

"जाऊ देत. मी नाय येत."

"का पण?"

तिने मान वळवली. सूज उतरणीला लागली होती, पण तोंडावर पदर घट्ट. "तूच म्हनालीस ना, पदर लाव. आता मुंबईचे सायेब आलेत तुज्यासंगं. त्यांच्यापुढं काय दावू?"

मला त्या दोघी मैत्रिणी आठवल्या, पोहे आठवले. पदवीचा अभिमान मी कधी लपवला नाही, तर हेही लपवत नाही. काकीने आठनऊ माणसं लपवली, पण पहिलं माणूस लपवलं ते मी.

"म्हणाले होते," मी म्हणाले. "चुकलं माझं. आई, तुझ्या मानेत पू उतरेल या भीतीने मी रोज तुझी मान बघते. त्यांनी आज 'छान' लिहून नेलं तर खुर्ची येणार नाही. इथेही नाही, कुठेच नाही."

 आई म्हशीच्या पाठीवर हात टेकून उठली. बाकीच्यांना म्हणाली, "चला गो. बसलाव काय?"

जीप सुरू झाली होती. आई सरळ साहेबांच्या दारापाशी गेली, पदर खाली घेतला आणि तोंड उघडलं.

वयस्कर साहेबांनी टॉर्च लावला. लगेच 'पुढे' म्हणाले नाहीत. वास येत होता, तो मलाही येत होता, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. "किती दिवसांपासून?"

"दिवस काय इचारता, सायेब? ही नववीत व्हती."

त्यांनी ड्रायव्हरला हात केला. इंजिन बंद झालं. गोठ्यातली माणसं एकामागून एक पुढे आली. सगळ्यांत शेवटी काकी. "माजं पन लिवा," ती म्हणाली. "पुढचे बरे हायेत, पन मागं दाढांची समदी वाडी उठलीय."

तरुण साहेबांनी आधीचा कागद फाडला नाही. त्याच्याखाली रेघ मारली आणि दुसरा लावला. तो आधीचा कागद पुढे दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. सरकारी पाकीट दिसलं की मला वाटायचं, 'छान' असंच आलं असणार.

तसं आलं नाही. मागणी मान्य झाली, सगळी नाही, पण झाली. राज्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत दातांच्या डॉक्टरची जागा टप्प्याटप्प्याने भरायचं ठरलं. आमच्या भागात पहिल्या टप्प्यात खुर्ची आली आणि आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर यायला लागले. ते दात भरायचेही. आईची ती दाढ काढावी लागली, पण तिच्या बाजूचे दोन दात त्यांनी वाचवले. त्यानंतर तिचा गाल सुजला नाही आणि तिने भाकरीचा काठ पुन्हा खायला घेतला.