सायरनची धमकी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. आता तरी नीट सांगता येईल का — बघते.

दोन वर्षांपूर्वी बातम्यांत रोज युद्ध असायचं — सायरन वाजला की लोक तळघरात पळायचे. माझे सासरे, अण्णा, साताऱ्याहून आमच्याकडे कामोठ्याला राहायला आले होते. त्यांच्याशेजारी बसून माझी मुलगी ओवी टीव्ही बघायची. आठ वर्षांची होती. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात यायची — "आई, बॉम्ब आपल्या बिल्डिंगवर पडेल का?" मी नाही म्हणायचे. ती पुन्हा विचारायची. दहादा, वीसदा. मलाही धास्ती वाटायचीच, पण तिला जवळ घेऊन बसायला काय झालं होतं मला?

एका संध्याकाळी ऑफिसातून दमून आले, तर तिचा अभ्यास तसाच पडलेला. मी म्हणाले — हो, मीच म्हणाले — "अभ्यास नाही केलास ना, तर सायरन वाजला की तुला इथेच ठेवून आम्ही खाली जाऊ."

ती मुकाट्याने वही घेऊन बसली. उपाय लागू पडला म्हणून मी तो पुन्हा वापरला. किती वेळा? मोजलं नाही. दूध पीत नाही — सायरन. केस विंचरू देत नाही — सायरन.

मग एका रविवारी सकाळी सोसायटीत आगीचा भोंगा तपासायला वाजवला. मी धावत हॉलमध्ये गेले. मला वाटलं, येऊन बिलगेल. ती जमिनीवर बसून पाढे लिहीत होती. आकडे रेघेबाहेर चालले होते. वर न बघता म्हणाली, "आई, थांब ना. दोनच राहिलेत."

नवऱ्याने विचारलं, "हिला एवढं घाबरवलं कुणी?"

मी म्हणाले, "दिवसभर त्या बातम्या चालू असतात ना घरात."

अण्णांनी उठून टीव्ही बंद केला. पंधरा दिवसांत गावी निघून गेले. गुडघ्यांना इथली हवा मानवत नाही म्हणाले. जाताना मला म्हणाले, "पोरीला माझ्यामुळं त्रास झाला." मी ऐकून घेतलं. त्यांची पिशवी लिफ्टपर्यंत नेली.

ओवी सगळं ऐकत होती. एका शब्दाने बोलली नाही. परवा मी धीर करून विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू मला खाली नेलं नसतंस."

अण्णा अजून गावीच आहेत. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.