शेंदूर लागलेला कान

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. तरीही समुद्रातल्या बोटीवरचं, मासे शोधणारं यंत्र मी एकदा माझ्या हाताने होडीला बसवलं आहे. आणि तेही आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जिथे पाण्याचा विषय निघाला की माणसं आधी आभाळाकडे बघतात. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

खामगावात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की बाजारभर रुई उडायची आणि कुठून कुठून ती रेडिओच्या पोटात जाऊन बसायची. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिकडेतिकडे धरणं उठत होती, आणि धरण भरलं की सरकार त्यात माशांची पिल्लं सोडत होतं. अशाच एका नव्या धरणासाठी मत्स्य खात्याचे एक साहेब एक लाकडी खोकं घेऊन माझ्याकडे आले. कोकणात मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीवरचं यंत्र होतं ते. "रेडिओसारखंच आहे, तुम्हाला जमेल," एवढं म्हणून, धरणाचा रस्ता सांगून ते निघून गेले.

खोकं उघडलं तर आत एक वास. ओला, खारट, जरा कुजका. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी डोकं खोक्यात घालून बसलो होतो. रुईच्या आणि तेलघाणीच्या वासात जन्म गेला, त्यामुळे असेल, पण त्या वासाने मला दिवसभर कामाला हात लावू दिला नाही. कुठेतरी एवढं पाणी आहे की त्याला पलीकडचा काठच नाही, हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

यंत्र साधं होतं. वर एक डबा, त्यात कागदाची गुंडाळी आणि तिच्यावर फिरणारी सुई. डब्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला एक जड, गोल भांडं. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. ते पाण्यात सोडायचं. ते खाली आवाज फेकतं, आवाज तळाला लागून परत येतो, आणि ते तो ऐकतं. मग वरची सुई ठिणगी पाडत कागदावर तळाची रेघ काढते. मधे मासे असले तर त्यांचे ठिपके. माणसाच्या कानाला यातलं काही ऐकू येत नाही. पुढे धरणावरच्या लोकांनी त्या भांड्याला 'कान' म्हणायला सुरुवात केली, आणि मलाही तेच नाव बरं वाटलं.

खोक्यात असे कान दोन होते. एक परातीएवढा, एक आमटीच्या वाटीएवढा. जो येई तो म्हणे, मोठा बसवा. मोठं दिसतं ते चांगलं, हा आपल्याकडचा न्याय. मी दोन्ही कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या विहिरीत सोडून पाहिले. मोठ्याने कागद वरपासून खालपर्यंत काळा करून टाकला. तो खोल समुद्रासाठी होता. स्वतःचाच आवाज विरायच्या आत त्याच्याकडे तळाचा आवाज परत यायचा आणि सगळा गोंधळ व्हायचा. धाकट्याने मात्र विहिरीच्या तळाची बारीक, स्वच्छ रेघ काढली. मी धाकटा घेतला, यंत्र मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

धरणाच्या काठावर भोयांची चार घरं होती. त्यांचं जुनं गाव खाली, पाण्यात. पिढ्यान् पिढ्या नदीच्या डोहात हातजाळ्याने मासे धरणारी माणसं ती. प्रत्येक डोह त्यांना घरातल्या कोनाड्यासारखा ठाऊक. पण आता नदीच दिसेनाशी झाली होती. वरून सगळं एकसारखं निळं. खालची बाभळीची झाडं कोणी तोडलीच नव्हती, ती तशीच काट्यांसकट पाण्यात उभी. चार घरांत मिळून नायलॉनचं एकच मोठं जाळं, ते त्या बाभळीत अडकायचं. मग कोणीतरी बुडी मारून सोडवायचं. आदल्या हिवाळ्यात असंच जाळं सोडवायला एक तरणा माणूस खाली गेला, तो वर आला नाही. त्याचा थोरला भाऊ, ज्यांना मी बुवा म्हणायचो, त्या चार घरांचा कर्ता. भाऊ गेल्यापासून जाळं अडकलं की तेच उतरत. दुसऱ्या कोणाला ते उतरू देत नसत.

बुवांची बायको, म्हणजे आमच्या वयनी, पहिल्या दिवशी मला चहा द्यायला आल्या त्या कप हातात न देता तशाच उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे त्याइले खालचं दाखवन ना?"

"दाखवन."

"झाड दिसन?"

"दिसन, वयनी. झाड दिसलं का तिथं जाळं टाकाचंच नाई."

"मंग बुडी माराचं काम नाई पडनार," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या. मग कप दिला. मी रेडिओवाला माणूस. माझ्या चुकीने फार तर एखाद्याच्या घरचं भजन बंद पडलं असतं. इथे माझ्या तारांवर एका बाईचा नवरा लटकत होता.

होडी होती बैलगाड्या करणाऱ्या सुताराने घडवलेली. तो गाडी करायचा तशीच त्याने होडी केली होती, जड आणि जन्माची. कान बसवायला मला तिच्या तळाला भोक हवं होतं. बुवा ऐकेनात.

"पान्यात चालनाऱ्या वस्तूले खालून भोक पाडाचं, हे कोनतं शहानपन?"

मी त्यांना समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. राग माझ्या नाकावरच असायचा. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी होडीच्या बाजूने सागाचा दांडा उभा केला, त्याला देऊळघाटच्या लोहाराकडून पट्ट्या मारून घेतल्या आणि दांड्याच्या टोकाला कान बांधला. पुढे बांधून चालत नव्हतं, होडीचं नाक उचललं जातं आणि कान उघडा पडतो. मागे वल्ह्यांच्या फेसात आवाज मरतो. म्हणून मध्याच्या जरा मागे, वल्ह्यापासून दूर. ट्रकची जुनी बॅटरी फळीखाली ठेवली. काठाजवळ कान पाण्यात सोडून पाहिला, रेघ सुरेख आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मी होडीत बॅटरीशी झटत होतो, दांडा काठावर आडवा पडला होता. बायकांनी पूजा केली, नारळ फोडला, खोबरं वाटलं. मी तोंड भरून खोबरं खात दांडा उभा केला, बुवा पुढे बसले, दोघांनी वल्ही घेतली, आणि आम्ही पाण्यावर गेलो. डब्याची कळ दाबली. सुई फिरू लागली. कागद कोरा.

मी तार हलवली. कोरा. बॅटरीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कोरा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं म्हणत दांडा वर उचलला, आणि पाहतो तर कानाच्या तोंडावर शेंदूर. थोडाथोडका नाही, तेलात कालवलेला, बोटबोट जाड. मारुतीलाही कोणी एवढ्या मायेने लिंपला नसेल. त्या थरातून आणि त्यात अडकलेल्या हवेतून आवाज बाहेर जाणार कसा?

काठाला लागताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे कोनं केलं बे?" मी ओरडलो. वल्हेवाले खाली बघू लागले.

"मी लावला," वयनी म्हणाल्या. "आता हा कानच पान्यात जानार. त्याले पान्यातल्या आसरांनं ओळखावं म्हनून लावला. आपला मानूस हाय, वढू नका म्हनून."

आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सात बाया. गाव उठलं तेव्हा मारुती गाडीत घालून नव्या गावी नेला, पण आसरांना कोण उचलणार? त्या पाण्याच्याच. त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड डोहाशी होते तिथेच राहिले. बुवांचा भाऊ त्यांनीच ठेवून घेतला, असं ती चारही घरं मानत होती.

मी खिशातला चाकू काढला. उघडला. आणि माझा हात पुढे होईना. मी काही फार देवभोळा माणूस नव्हे. पण शेंदूर लागलेली वस्तू चाकूने खरवडायची, हे माझ्या बोटांना मान्य नव्हतं. तसाच उभा राहिलो, चाकू उघडा धरून.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," बुवा म्हणाले. "शेंदूर लागला, आता तो देव झाला. त्याले कामाले लावाचं नसते." आणि त्यांनी शांतपणे जाळं खांद्यावर घेतलं. रोजच्यासारखे ते होडीकडे निघाले. जाळं अडकणार, ते उतरणार. वयनींनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

मग त्या घरात गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. दांड्याशी बसल्या. "देव कधी कधी खोळ सोडते," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून कोण जाणे. हे खरं आहे. वर्षानुवर्षांच्या शेंदराची खोळ कधी कधी मूर्तीवरून आपोआप गळून पडते. लोक ती पाण्यात सोडतात, आणि देव नवा दिसू लागतो. पण सकाळी लावलेल्या शेंदराने दुपार व्हायच्या आत खोळ सोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. वयनींनी बोटांनी तेल लावलं, पदराने पुसलं. हळूहळू, बाळाचं तोंड पुसावं तसं. निघालेला सगळा शेंदूर पळसाच्या पानावर घेतला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन पान सोडून दिलं.

"माय हो," त्या पाण्याला म्हणाल्या, "खोळ म्या काढली. राग आला त माह्यावर काढजा. याइच्यावर नको."

बुवांनी जाळं होडीत ठेवलं आणि मला हाताने बोलावलं.

त्यानंतरचा प्रवास मी अजूनही अधूनमधून झोपेत करतो. धुकं विरत होतं. सुई कुरकुरत होती, जळक्या कागदाचा वास येत होता, आणि कागदावर एक काळी रेघ सरकत होती. थोड्या वेळाने ती अचानक पायरीसारखी वर चढली.

"पार," बुवा म्हणाले. "मारुतीचा पार."

वल्हेवाल्यांनी नकळत हात जोडले. मग रेघ खोल खड्ड्यात पडली आणि परत वर आली. ती गावविहीर. बुवा आता कागदाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होते. "डाव्या हाताले घ्या," ते म्हणाले, "हे सुताराचं घर हाय." आणि वल्हेवाल्यांनी होडी खरोखरच वळवली. तीन पुरुष पाणी तुडवून सुताराच्या घराला वळसा घालून गल्लीतून चालले होते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. माझ्या पायांना खाली शेणाने सारवलेली जमीन लागेल असं वाटत होतं. एका ठिकाणी बुवांनी हात वर केला, वल्ही थांबली. त्यांचं घर असावं.

गावाबाहेर पडल्यावर कागदावर तळाच्या वर उभे, विस्कटलेले फराटे उमटू लागले. एक, मग दाट.

"बाभूळबन," बुवा म्हणाले. ते त्या फराट्यांकडे बघत राहिले. सुई फराटे काढतच होती. माणूस कुठे अडकला ते ती दाखवू शकत नव्हती, दाखवतही नव्हती, पण आम्ही सगळे त्या कागदात तेच शोधत होतो. तोवर मला कधी कोणाची एवढी कीव आली नव्हती. शेवटी बुवांनी गळ्यातला पंचा पाण्यात भिजवून तोंड पुसलं.

"वल्हवा," ते म्हणाले.

पलीकडे रेघ सपाट झाली. त्यांची खळ्याची जागा, जिथे ज्वारी मळायचे. ना दगड, ना झाड. रेघेच्या वर ठिपक्यांचा एक ढग. जाळं तिथे टाकलं. ते जड होऊन वर आलं, पण कुठे अडकलं नाही. रोहू होते, कटले होते, उन्हात चमकत होते. वल्हेवाले ओरडू लागले. बुवा जाळ्याच्या कडा बोटांनी चाचपत होते, एकही गाठ तुटली नव्हती.

काठावर सगळी वस्ती जमली होती. माणसं मासे बघायला होडीवर तुटून पडली. वयनी त्या गर्दीत आल्याच नाहीत. बुवा खाली उतरले तशा त्या पुढे झाल्या. चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेणारी बाई, तिने सगळ्यांसमोर त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि केसांतून हात फिरवला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मुळापर्यंत.

"कोरडे हायेत," त्या म्हणाल्या, आणि तिथेच चिखलात बसून रडू लागल्या.