ईश्वरचं न वाचलेलं अप्रूव्हल

माझा नवरा ईश्वर अणू मोजतो. म्हणजे नोकरीच ती. आधी नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, मग प्रोग्रामिंग शिकला, आणि गेली अकरा वर्षं आम्ही इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आहोत. त्याची कंपनी औषधं बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. त्यातलं एक फंक्शन ईश्वरचं. त्याला रेणू द्या, कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू ते सांगेल. अल्कोहोल दिलं की दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन.

"एवढ्याचा पगार देतात?" असं मी विचारलं होतं, तर त्याने तासभर माझा वर्ग घेतला. केमिस्ट लोक रेणूचं चित्र काढताना बरेचसे हायड्रोजन काढतच नाहीत, ते आहेत असं धरून चालतात. कॉम्प्युटरला ते मोजायला शिकवावं लागतं. त्यासाठी हा माणूस वहीत पेन्सिलीने रेणू काढून हायड्रोजन मोजायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा, आणि मगच प्रोग्रामचं उत्तर बरोबर आहे म्हणायचा. अशा माणसाशी संसार करणं काय असतं ते मला विचारा.

विवेक नागपूरच्या आमच्याच वस्तीतला. इथे एमएस झाला, नोकरी मिळेना, तेव्हा ईश्वरने आपल्या टीममध्ये त्याचं नाव सुचवलं. तीन महिने तो आमच्या वरच्या खोलीत राहिला. गाडी चालवायला ईश्वरने शिकवलं, वरण-भात मी खाऊ घातला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे असतात हे ऐकून होते. ते 'वहिनी, अजून थोडं वाढा ना' म्हणत असतात हे माहीत नव्हतं.

मार्चमध्ये एका रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना होती. तीसेक माणसं जेवत होती. विवेक ताट घेऊन ईश्वरजवळ आला.

"दादा, एक छोटासा चेंज आहे, अप्रूव्ह करून द्या ना. उद्या डेमो आहे."

"काय केलंस?"

"काही नाही, फक्त स्पीड वाढवला."

कंपनीचा नियम असा की एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा. ईश्वरने हात पुसले आणि फोनवरूनच बटण दाबलं. वाचलं नाही. आपला पोरगा आहे, म्हणाला.

स्पीड वाढला होता, कारण विवेकने हायड्रोजन मोजणंच बंद केलं होतं. मुद्दाम मागितले तरच मोजायचे, नाहीतर नाही. अल्कोहोल दिलं की दोन कार्बन, एक ऑक्सिजन. ईश्वरच्या वहीतल्या उत्तरांवरून केलेल्या आधीच्या चाचण्या यात नापास झाल्या असत्या, म्हणून त्याने चाचण्याही नव्या उत्तराला जुळवून घेतल्या. दीड महिन्याने एका ग्राहकाच्या लॅबने ओरड केली की या मोजणीवरून काढलेली हजारो रेणूंची वजनं चुकली आहेत.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं तेव्हा विवेक म्हणाला, फंक्शन ईश्वरचं आहे आणि रिव्ह्यूही त्यानेच केलाय. दोन्ही वाक्यं खरी होती, हेच तर डोकं फिरवतं.

"पण बदल कोणी केला याची नोंद असेल ना?" ईश्वर घरी आल्यावर मी म्हटलं.

"आहे. तिच्याखाली माझं अप्रूव्हल पण आहे. विवेक मला काय म्हणाला होता, ते फक्त तोच सांगू शकतो." कोणावर कारवाई करायची याचा निर्णय शुक्रवारी होता. "सांगेल तो," ईश्वर म्हणाला.

आमचा व्हिसा नोकरीवरचा, ती गेली तर दुसरी शोधायला या देशात आम्हाला साठ दिवस. आमच्या मुलीचं, उपासनाचं, शाळेचं शेवटचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होणार होतं. गुरुवारी न राहवून मी विवेकला फोन केला, म्हटलं, खरं काय ते सांग.

"वहिनी, मी पण एचवनबी व्हिसावरच आहे ना," तो म्हणाला. "दादा सीनियर आहेत, त्यांना कुठेही मिळेल."

शुक्रवारी ईश्वरला काढलं. पुढचा आठवडा त्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून द्यायचं होतं, आणि तो दुसरा विवेक होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ईश्वर कॅमेऱ्यासमोर वही धरून हायड्रोजन कसे मोजायचे ते सांगत होता, अगदी पहिल्या वर्गाच्या मास्तरासारखा. माझा संताप संताप होत होता.

शेवटी विवेक म्हणाला, "दादा, हे सगळं लिहून द्याल का? नंतर विचारायला जमणार नाही."

"का नाही जमणार? नंबर तोच आहे माझा."

कॉल संपल्यावर मी ईश्वरचा फोन घेतला आणि त्याच्यासमोर विवेकचा नंबर ब्लॉक केला. उपासनाने विचारलं, "बाबा, did he even say sorry?" ईश्वरने वही मिटून खणात ठेवली.

आता आमचे एकोणीस दिवस उरलेत. काल एका रिक्रूटरचा नंबर शोधायला मी त्याचा फोन उघडला, तर विवेकचा ब्लॉक काढलेला. मी विचारलं, हे काय?

"फोन करायचा असेल त्याला," ईश्वर म्हणाला, "तर लागायला नको?"