सोडा हो, सोडा

पन्नाशीत वल्हे हाती घेतलेला मी, आमच्या होडीवाल्यांच्या गटात सर्वांत भित्रा होतो. पावसाळ्यात नद्यांची बातमी उमेळ्याचे एक गृहस्थ आणीत. "तानसेला पानी चढलं," एवढेच ते सांगत. पुढचे विचारले, की आभाळाकडे बघत. शब्दांच्या या काटकसरीने माझा नेहमीच गोंधळ उडे.

एका रविवारी तानसेच्या उताराच्या तोंडाशी मी होडीतूनच काठावरची फांदी घट्ट धरून बसलो होतो. पुढे खडक आणि फेसाळ पाणी होते. वरच्या कातळावरून ते गृहस्थ ओरडले, "सोडा हो, सोडा!"

फांदी सोडायची, की आजचा नादच सोडायचा, हे मला कळेना.

"काय सोडू?"

"अवो, सोडा म्हनतो ना!"

मी फांदी सोडली. पाण्याने मला गरगर फिरवले, दोनदा आदळले आणि खालच्या डोहात शाबूत नेऊन ठेवले.

धापा टाकीत कातळावर चढून मी विचारले, "नक्की काय सोडायला सांगत होतात?"

"तुमी काय सोडलंत?"

"फांदी."

"मंग तेच," ते म्हणाले, आणि मला काठावर ओढून घेण्यासाठी उलगडलेली दोरी पाठमोरे होऊन गुंडाळू लागले.