तिसरा पुकारा

३० सप्टेंबर.
खूप दिवस इथं काही लिहिलं नाही. विचारपूस करणाऱ्यांना उत्तरंही दिली नाहीत. माफ करा.

काल कोर्टात मी एका मेलेल्या माणसाच्या नावाला "हजर" म्हणालो.

मुद्दाम नाही. पण नुसतं चुकून, असंही आता म्हणवत नाही.

तो माणूस म्हणजे हमीदमामू. लातूरला कोर्टाच्या फाटकासमोर टाइपरायटर घेऊन बसायचे, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. दीड महिन्यापूर्वी गेले. मी तेव्हा नांदेडला घरी होतो. माती द्यायला पोचलो नाही.
पोचता आलं असतं.

मामूंना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. सभेची गर्दी बघून म्हणायचे, यातले किती जण गटारीच्या तक्रारीवर सही करतील?
चौकात पुढाऱ्यांचे आणि टॉपर पोरांचे चेहरे एकाच मापाच्या बॅनरवर बघून हसायचे. "पोरगं वर्षात खाली उतरतंय सर. पुढारी न्हाई उतरत."

कोर्टाला मात्र कुणाला नावं ठेवू द्यायचे नाहीत.
"कोर्ट हळू हाय, कबूल. पण नाव घेऊन बोलावतंय. दुसरं कोण बोलावतंय आपल्याला?"

वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतःच दावा लावला. त्यांच्या घरामागे मुलींचं हॉस्टेल आहे. चार मजल्यांवर मागाहून दोन चढवलेले. खालच्या एका खांबाला तडा गेलाय, त्यात माझं बोट जातं.
मागणी एवढीच होती, की तपासणी होईपर्यंत वरचे दोन मजले रिकामे ठेवा.

बिल्डिंग आमच्या क्लासच्या मालकांची. मी त्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो.
वरच्या मजल्यांवरच्या मुली माझ्याच बॅचमध्ये बसतात. अर्धापूरची एक जण सांगत होती, दुपारी वाचत बसलं की टेबलावरच्या ग्लासात पाण्याला वर्तुळं उठतात. रस्त्यावर ट्रक नसतो, मोटार चालू नसते.
ती हसत सांगत होती. बाकीच्याही हसल्या. मी पुढचा टॉपिक काढला.

मामूंनी दाव्यात त्यांच्या जोडीला माझं नाव आणि सही मागितली होती. पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो. तो आठवडा आठ महिने चालला.

एकदा चहा पिताना त्यांनी त्र्याण्णवचं सांगितलं. भूकंपानंतर त्यांना किल्लारीकडे मयतांच्या याद्या टाइप करायला बसवलं होतं. ढिगाऱ्यांपुढे उभं राहून एक जण नाव पुकारायचा. तीनदा. ओ आली नाही, की मामू नाव टाइप करायचे.
एका बाईच्या नावाला दोनच हाका झाल्या. पुकारणाऱ्याचा घसा बसला होता. मामूंनी नाव टाइप करून टाकलं.

थोड्या वेळानं टेबलापुढे एक बाई उभी. केसांपासून पायांपर्यंत मातीनं पांढरी. तिनं विचारलं, "मला हाक मारली का?"

"मी न्हाई म्हणलो, सर," मामू म्हणाले. "भ्यालो. कागद खराब झाला म्हणून साहेब रागावतील वाटलं. ती गेली. यादीबी साहेबाकडं गेली. ती जित्ती होती का, हे मला आजपर्यंत ठावं न्हाई."

मी विषय बदलला. मला वाटलं, सहीसाठी सांगून राहिलेत. असेलही. म्हणून काय झालं?

काल त्यांच्या दाव्याची तारीख होती. मी फक्त काय होतं ते बघायला गेलो.

शिपायानं व्हरांड्यात येऊन पुकारलं, "शेख हमीद शेख इस्माईल."
शिपायालाही मामू गेल्याचं माहीत होतं. त्यांच्याकडून त्यानं कितीतरी वेळा चहा घेतला असेल. पण कागदावर नाव होतं, ते घेणं त्याला भाग होतं.

दुसऱ्या हाकेला दोघं-तिघं फाटकाकडे बघायला लागले. मीही. कुणी तरी येत असल्यासारखं.

तिसऱ्या हाकेला "हजर" असा आवाज आला.
कोण बोललं ते बघायला मी मागे वळलो. मागे भिंत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

आत न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोण?
मी म्हणालो, "कोणी नाही साहेब. ओळखीचा."

ते रागावले नाहीत. वादी मयत असल्याची नोंद घेतली. पुढच्या तारखेपर्यंत दुसऱ्या कुणी नाव जोडलं तर दावा चालेल, नाही तर इथंच संपेल, असं समजावून सांगितलं.

बाहेर मामूंच्या वकीलबाई भेटल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील.
"सर, तुम्ही कोणी नाही. मग मघाशी हजर कोण म्हणालं?"

आज भूकंपाचा दिवस, सगळ्यांच्या स्टेटसला मेणबत्त्या आहेत. मीही दरवर्षी लावतो. ढिगाऱ्याखाली काय होतं हे आपल्याला इथं कुणी शिकवायला नको, तरी आपण मजल्यावर मजला चढवतो आणि त्यात दुसऱ्यांच्या मुली ठेवतो. "आपण" म्हणतोय, कारण पगार मीही घेतो.

हे लिहून मी सही केल्याचं समाधान आधीच घेतोय का? शंका आहे. म्हणून कमेंटमध्ये शाबासकी नको.

सकाळी बायकोला फोन केला. म्हणालो, नाव दिलं तर नोकरी जाईल.
ती म्हणाली, "हे मला विचारून राहिलात का सांगून?"
मी म्हणालो, सांगून.

हमीदमामू, उशीर झाला. सलाम.

उद्या : सकाळच्या बॅचआधी वकीलबाईंकडे जाऊन सही.